गाडी कुणाची, वाट कोणती

संकेश्वरहून निघालेला रस्ता गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला येतो आणि घाट उतरून सावंतवाडीवरून बांद्याला, गोव्याच्या वेशीवर टेकतो. आज त्यावर गोव्याकडे सुटलेल्या पर्यटकांच्या गाड्या असतात, कडेला काजूगर आणि घनसाळ तांदळाच्या पाट्या असतात, आणि आषाढात आंबोलीच्या धबधब्यापाशी वाहतूक खोळंबलेली असते. १९५५ साली याच आंबोलीच्या रानात एक रेडिओ केंद्र दडवलेले होते. आदल्या वर्षी दादरा-नगर हवेली मोकळी झाली तेव्हा पोर्तुगीजांची काही बिनतारी यंत्रे स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागली होती. त्यांची जुळवाजुळव झाली, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचा आवाज पोर्तुगीज आणि कोकणी भाषांतून गोव्यात ऐकू येऊ लागला. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तो दिवसही २५ नोव्हेंबरचाच. तारीख सहज पडली असेल असे वाटत नाही. पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हलले आणि डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, बोलत राहिले. गोवा मुक्त झाला तेव्हा हे दोघे हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर फिरले आणि ध्वनिक्षेपकावरून दोन्ही भाषांत ती बातमी त्यांनी खाली सांगितली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळांना पहिल्यांदाच कळले की आपल्या शेजारच्या रानात असे काही घडून गेले आहे.

युद्धवार्ताहरांच्या जगण्यावरील पुस्तकाची प्रस्तावना या दोघांपासून सुरू करणे काहींना खटकेल. ते वार्ताहर नव्हते. ते एका बाजूचे सैनिकच होते, हातात बंदुकीऐवजी माइक होता एवढेच. मान्य आहे. पण आजऱ्यात बसून या विषयाकडे पाहणाऱ्याला सुरुवातीला हीच जागा दिसते. शिवाय त्यांच्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, ती या पुस्तकाच्या मुळाशी जाणारी आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे पोर्तुगीजांचे बिनतारी केंद्र उडवले. गोव्यातून लिस्बनला बातमी जाण्याची मुख्य वाट बंद झाली. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा १९ तारखेच्या संध्याकाळी शरण आले. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासेक सैनिक पडले होते. पण लिस्बनच्या सेन्सॉर झालेल्या वर्तमानपत्रांत मात्र घनघोर हातघाईच्या लढाईची वर्णने छापून येत होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता, तेव्हा छापून येणारी लढाईही त्या हुकमाबरहुकूम झाली.

युद्धाच्या बातमीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते एवढ्यात आले. आघाडीवर जाणाऱ्याच्या धाडसाचे आपल्याला कौतुक असते, आणि ते रास्तच आहे. पण धाडसापेक्षा दोन साधे प्रश्न मला जास्त उपयोगी वाटत आले आहेत. हा माणूस आघाडीवर कुणाच्या गाडीतून गेला? आणि त्याची बातमी कोणत्या वाटेने बाहेर आली? युद्धभूमीवर आपल्या पायांनी, आपल्या खर्चाने, कुणाला न विचारता पोहोचता येत नाही. कुणाची तरी जीप, कुणाचे तरी हेलिकॉप्टर, कुणाचा तरी पास लागतो. आणि पाहिलेले बाहेर धाडायला कुणाची तरी तार, कुणाचा तरी फोन, कुणाची तरी मेहेरबानी लागते. या दोन्ही ठिकाणी किंमत मोजावी लागते, आणि ती बहुधा मजकुरातून वसूल होते.

आपल्याकडे युद्धवार्ताहर म्हटले की कुणीतरी संजयाचे नाव काढतोच. राजवाड्यात आंधळ्या राजासमोर बसून दिव्यदृष्टीने सगळे पाहणारा, असे त्याचे चित्र दूरदर्शनच्या मालिकेने घरोघर नेले. महाभारतात मात्र संजय रणांगणावरून परत येतो आणि भीष्म पडल्याची बातमी राजाला देतो. म्हणजे दहा दिवस होऊन गेल्यावर सांगणे सुरू होते, आणि ते शेवटापासून सुरू होते. अठराव्या दिवशी तर सात्यकी त्याला पकडतो. मारायचे ठरते, व्यास मध्ये पडतात म्हणून सुटतो. कवच आणि शस्त्रे उतरवून घेतलेला संजय हस्तिनापूरच्या वाटेला लागतो, तेव्हा त्याला एकटा पडलेला दुर्योधन भेटतो. आजच्या भाषेत ही मोठीच मुलाखत. दिव्यदृष्टीचा माणूस शत्रूच्या हाती सापडतो हे व्यासांना सांगावेसे वाटले, आपण मात्र ते विसरून त्याला सिंहासनाशेजारी बसवून टाकले. त्याचा पक्षही ठरलेला होता, अन्न कौरवांचे होते. तरी धृतराष्ट्राला ऐकवू नये ते त्याने ऐकवले. याच महाभारतावर आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’ दिली, ती कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशा निरनिराळ्या तोंडांनी. कादंबरीकाराला ही सोय असते. वार्ताहराला एकाच तोंडाने, तेही मुदतीत सांगायचे असते.

मराठीत युद्ध डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या मजकुराची परंपरा शोधू लागलो की बखरी आणि वकिलांची पत्रे ओलांडून आपण एका याज्ञिकापाशी येऊन थांबतो. विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज, ते फेडायला उत्तरेत शिंद्यांच्या यज्ञाला जाऊन दक्षिणा आणावी म्हणून चुलत्यांबरोबर १८५७ साली निघाले, ते थेट बंडात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोझने झाशीला वेढा घातला तेव्हा हे शहराच्या आत होते. तोफांचे गोळे, पाण्याची तारांबळ, शहर पडल्यावरची कत्तल, जागोजाग लपून काढलेले दिवस, आणि मग लूट: आधी सोने-नाणे, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड आणि धान्य. भिक्षुकी करणाऱ्या माणसाची नजर वस्तूंवर बारीक असते, त्यामुळे लुटीचा असा क्रमवार तपशील एखाद्या सेनापतीच्या अहवालात सापडणे अवघड.

गंमत अशी की त्याच महिन्यांत जगातला सर्वांत नावाजलेला युद्धवार्ताहर हिंदुस्थानातच होता. क्रिमियाच्या युद्धातले लष्करी गोंधळ लंडनच्या ‘टाइम्स’मधून चव्हाट्यावर आणणारा विल्यम हॉवर्ड रसेल कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेबरोबर लखनौवर होता. त्याची पत्रे काही आठवड्यांत लंडनमध्ये छापून येत होती. गोऱ्या सैन्याच्या सूडबुद्धीवर त्याने लिहिले, आणि त्याचे पुस्तकही १८६० मध्ये निघाले. गोडसे भटजींनी लिहायला घेतले १८८३ साली, तेही चिंतामणराव वैद्यांनी सांगितले म्हणून. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापले ते १९०७ साली, भटजींच्या पश्चात आणि स्वतःचे फेरफार करून. मूळ लिहिलेल्याप्रमाणे ते वाचायला दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती यावी लागली. झाशीतून निघालेली बातमी वाचकापर्यंत धड पोहोचायला एकशे आठ वर्षे लागली. रसेल फौजेच्या गाडीतून गेला आणि फौजेच्याच टपालाने त्याचे लिखाण बाहेर पडले. तो प्रामाणिक होता म्हणून त्यातून जितके निघायचे तितके निघाले. भटजींना कुणाचीच गाडी नव्हती. त्यामुळे त्यांच्या मजकुरावर कुणाचा दाब नाही, आणि त्यामुळेच तो वेळेवर कुणाच्या उपयोगी पडला नाही.

पहिल्या महायुद्धात ही गोष्ट आमच्या दाराशी आली. सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराला वेढ्यात सापडली, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बाहेरून सोडवायला निघालेल्या फौजेबरोबर एडमंड कॅंडलर हा सरकारमान्य ‘साक्षीदार’ होता. लष्कराबरोबर राहायचे, लष्कर दाखवील ते पाहायचे, आणि सेन्सॉर ठेवील ते छापायचे, असा तो करार. कॅंडलर माणूस बरा. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये त्याने ‘द सेपॉय’ हे पुस्तक लिहिले आणि त्यात मराठा शिपायाला वेगळे प्रकरण दिले. पण युद्ध चालू असताना घाटावरच्या गावांत त्यातले काय पोहोचले असेल? फार तर रॉयटरची तार, पुण्या-मुंबईच्या पत्रांत अनुवाद होऊन आलेली, आणि गावात एखाद्या मास्तराने वाचून दाखवलेली. फ्रान्समधल्या आपल्या शिपायांची घरी लिहिलेली पत्रे सेन्सॉरची कचेरी उघडून वाचत असे, त्यातल्या निवडक पत्रांचे इंग्रजी भाषांतर करून ठेवत असे. आज इतिहासकार युद्धाचा शिपायाच्या बाजूचा वृत्तांत म्हणून वाचतात ती हीच भाषांतरे. म्हणजे त्या युद्धातला आपल्या लोकांचा सगळ्यांत भरवशाचा वार्ताहर शिपाई स्वतः होता, आणि त्याचे लिखाण टिकवून ठेवले ते त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याने.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुस्तके पुष्कळ आहेत. पण कोल्हापूरकरांनी एक नाव लक्षात ठेवायला हवे: वेणू चितळे. शिरोळकडच्या या बाई लंडनला बीबीसीच्या हिंदुस्थानी विभागात होत्या आणि जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करत होत्या. ऑर्वेल तिथे १९४१ ते १९४३ होता, आणि हिंदुस्थानासाठी युद्धाची साप्ताहिक वार्तापत्रे लिहीत होता. त्यातली काही मराठीत भाषांतर होऊन प्रक्षेपित होत. स्पेनच्या खंदकात गळ्यात गोळी खाल्लेला लेखक मराठी श्रोत्यासाठी युद्धवार्ता लिहितो, हे वाचून आधी ऊर भरून येतो. मग आठवते की प्रत्येक मजकूर आधी तपासला जाई, आणि हे सगळे प्रचाराचे काम आहे हे ऑर्वेल स्वतः ओळखून होता. गाडी साम्राज्याची होती. चितळे पुढे इंग्रजीत ‘इन ट्रान्झिट’ ही कादंबरी लिहून गेल्या. मराठी वाचकाने त्यांची दखल घ्यायची ती घेतली नाही.

आता ज्याच्यासाठी ही प्रस्तावना लिहायला घेतली त्या माणसाकडे येतो. अँथनी मास्करेन्हस. जन्म १९२८, बेळगाव. आजऱ्याहून बेळगाव दोन तासांवर. आमच्याकडची मुले भरतीला तिथे जातात, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तिथे आहे. मास्करेन्हस गोव्याकडच्या ख्रिस्ती घरातला. शिक्षण कराचीला झाले, फाळणीनंतर तो पाकिस्तानी नागरिक आणि कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’चा सहायक संपादक होता.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली, आणि परदेशी वार्ताहरांना हॉटेलात कोंडून मग देशाबाहेर घालवले. ‘डेली टेलिग्राफ’चा सायमन ड्रिंग हॉटेलच्या गच्चीवर लपून राहिला, शहर पाहिले आणि बातमी घेऊन बाहेर पडला, असे अपवाद मोजकेच. त्यानंतर पूर्व पाकिस्तानातून भरवशाची बातमी येणे जवळजवळ थांबले. एप्रिलमध्ये लष्कराला वाटले की आता आपली बाजू मांडावी. आठ पाकिस्तानी पत्रकारांना विमानाने नेऊन दहा दिवस फिरवले. सगळे सुरळीत आहे, बंडखोर ठेचले गेले आहेत, असे लिहायचे होते. आठांतल्या सात जणांनी तसे लिहिले.

मास्करेन्हस लष्कराच्या गाडीतूनच गेला होता, हे इथे पुन्हा सांगायला हवे. तो छुपेपणाने गेलेला नव्हता. कुमिल्ल्याच्या भागात अधिकाऱ्यांबरोबर फिरला, त्यांच्या मेसमध्ये बसला. तो आपलाच माणूस म्हणून ते त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलत होते: कुठले गाव जाळले, आज किती मारले. परत कराचीला आला तो बदललेला माणूस होता. पत्नी इव्हॉनला त्याने सांगितले की पाहिलेले लिहिता आले नाही तर यापुढे काहीच लिहिता येणार नाही. पाकिस्तानात तर प्रत्येक ओळ लष्कराकडून तपासून घ्यावी लागत होती.

यापुढचा भाग मला त्याच्या लेखाइतकाच महत्त्वाचा वाटतो. बहीण आजारी आहे असे सांगून तो लंडनला गेला आणि ‘संडे टाइम्स’चा संपादक हॅरॉल्ड इव्हान्स याला भेटला. इव्हान्स छापायला तयार झाला. पण कुटुंब कराचीत असताना लेख छापणे म्हणजे त्यांचा जीव घेणे. मग ठरले की कुटुंबाला निघायची खूण म्हणून ‘ॲनचे ऑपरेशन यशस्वी झाले’ अशी तार करायची. तार आली, इव्हॉन मुलांना घेऊन निघाली. संशय येऊ नये म्हणून मास्करेन्हस स्वतः त्याआधी पाकिस्तानात परतला होता. आणि वर्षाला एकदाच परदेशी विमानप्रवास करता येईल असा नियम असल्यामुळे आता त्याला विमानाने निघता येईना. तो पेशावरकडून जमिनीच्या वाटेने सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात गेला. सगळे लंडनमध्ये एकत्र आले, आणि १३ जून १९७१ रोजी ‘संडे टाइम्स’च्या मधल्या दोन पानांवर एकच शब्द ठळक छापला गेला: ‘जेनोसाइड’. हा वंशसंहार आहे, असे पाकिस्तानी पत्रकाराने, लष्कराबरोबर फिरून आलेल्याने, स्वतःच्या नावाने म्हटले होते. निर्वासितांच्या तोंडून जग जे महिनोन्‌महिने ऐकत होते आणि थोडे बाजूला ठेवत होते, ते आता मारणाऱ्यांच्या तोंडून आले. त्या लेखाने आपण हादरलो आणि युरोप-मॉस्कोपर्यंत फिरून जगाचे मन वळवायला निघालो, असे इंदिरा गांधींनी पुढे इव्हान्सला सांगितले.

लष्कराच्या जीपमध्ये बसले म्हणजे वार्ताहर विकला गेला, असे म्हणणाऱ्यांना मास्करेन्हस हे उत्तर आहे. आणि जीपमध्ये बसलो तरी मी माझ्या मनाचेच लिहीन, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनाही तेच उत्तर आहे, कारण मनाचे लिहिण्यासाठी त्याला देश सोडावा लागला. उरलेल्या सातांना मी सहजासहजी भेकड म्हणणार नाही. त्यांच्याकडे लंडनला बहीण नव्हती, इव्हान्स नव्हता, पेशावरची वाट काढण्याइतका वेळही कदाचित नव्हता. पाकिस्तानात मास्करेन्हस कायमचा देशद्रोही ठरला. १९८६ मध्ये तो गेला. बांगलादेशात त्याचे नाव आदराने घेतात. त्याच्या जन्मगावी ते माहीत असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आघाडीवरच्या रोजच्या जगण्याबद्दल वाचकांच्या काही कल्पना असतात. त्या सिनेमातून आलेल्या असतात. प्रत्यक्षात त्या जगण्यात वाट पाहणे फार. पासची वाट, रस्ता खुला होण्याची वाट, ब्रीफिंगची वाट, फोन लागण्याची वाट. १९९९ च्या कारगिल युद्धात श्रीनगर-लेह रस्ता द्रासजवळ शत्रूच्या माऱ्यात होता. दिवे मालवून गाड्या चालवायच्या, गोळा पडला की बंकरमध्ये किंवा दगडाआड जायचे, आणि उंचीवर श्वास पुरत नसताना शिखरांची नावे आणि वेळा टिपून घ्यायच्या: १३ जूनला तोलोलिंग, ४ जुलैला टायगर हिल. भारतातले हे पहिले युद्ध जे टीव्हीवर घराघरांत दिसले. नितीन गोखले यांच्यासारखा मराठी पत्रकार आधी कित्येक वर्षे ईशान्य भारतातल्या बंडखोरीवर लिहीत राहिला होता, मग कारगिलला गेला, २००९ मध्ये श्रीलंकेतल्या शेवटच्या लढाईवरही गेला. पण त्याचे बहुतेक काम इंग्रजीत. मराठी वृत्तपत्रांपाशी आघाडीवर माणूस बसवायला पैसा क्वचितच होता. आमचे युद्ध बहुतेक वेळा रात्रपाळीच्या उपसंपादकाने टेलिप्रिंटरच्या कागदावरून उतरवलेले असे, आणि त्या निनावी माणसांनी ते काम बरेच चोख केले.

कारगिलमध्ये आणखी एक गोष्ट नवी होती. पूर्वीच्या लढायांत पडलेल्या जवानावर बहुधा तिथेच अंत्यसंस्कार होत आणि घरी तार येई. कारगिलपासून पार्थिव गावी येऊ लागले. ५२७ जवान गेले. त्यांच्या गावागावांत शवपेट्या आल्या. त्यामुळे युद्धाच्या बातमीला दुसरे टोक फुटले. एक टोक द्रासला, दुसरे तालुक्याच्या गावात. दुसऱ्या टोकावर उभा असतो तो तालुक्याचा वार्ताहर. त्याची नोकरी नसते, मानधन नावापुरते असते, जाहिराती गोळा करून त्याचे भागते. त्याला युद्धवार्ताहर कुणी म्हणत नाही. पण घरी निरोप पोहोचलाय का, याची खात्री न करता दार वाजवायचे की नाही, हे त्यालाच ठरवायचे असते. फोटो मागायचा असतो. आई आत आहे, बाप गोठ्याकडे जाऊन बसलाय, शेजारच्या बायका दारात जमल्यात, आणि त्याला भरतीचे वर्ष आणि युनिट विचारायचे असते.

या मुलखात, कागलपासून चंदगडपर्यंत, मिलिटरीत माणूस असलेले घर शोधावे लागत नाही. अशा घरात युद्धाची बातमी वेगळ्या रीतीने ऐकली जाते. शिखर कुणी घेतले हे तिथे नंतर. आधी विचारतात, “कुठली पलटण हाय?” कारगिलच्या वेळी नकाशा कधी न पाहिलेल्या बायका द्रास, बटालिक, मश्कोह ही नावे पाठ झाल्यासारखी म्हणत होत्या, कारण आपला माणूस त्यातल्या कुठल्या खोऱ्यात आहे याचा अंदाज त्या आंतर्देशीय पत्रातल्या अर्ध्यामुर्ध्या ओळीवरून बांधत होत्या. घरच्यांना कळवल्याशिवाय नाव छापायचे नाही, हा युद्धवार्तांकनातला जुना नियम. तो कुणासाठी आहे हे समजायचे तर अशा घरात एक संध्याकाळ बसावे.

तालुक्याच्या वार्ताहराबद्दल माझी एक तक्रारही आहे, आणि ती इथे मांडायला हरकत नसावी. ‘गावावर शोककळा’, ‘शोकाकुल वातावरणात’, ‘शासकीय इतमामात’, ‘अमर रहेच्या घोषणांनी परिसर दुमदुमला’. या ठशांखाली एकेक जवान दुसऱ्यासारखा होऊन जातो. अर्धे बांधून राहिलेले घर, मंजूर झालेली रजा, धाकट्याच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज, हे सारे त्या वार्ताहराला माहीत असते. गावात वावरणाऱ्याला माहीत असणारच. पण ते छापले तर गंभीरपणा कमी होईल असे त्याला कुणीतरी शिकवलेले असते. कोल्हापूरच्या ‘पुढारी’ने कारगिलनंतर वाचकांकडून निधी जमवून सियाचीनच्या जवानांसाठी इस्पितळ उभे केले. वर्तमानपत्राचा वाचक आणि जवान यांचे नाते या भागात किती जवळचे आहे ते यातून दिसते. तो वाचक अशा बारीक, खऱ्या तपशिलाला घाबरणारा नाही.

अलीकडे आघाडी स्टुडिओत आली आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत हल्ला झाला तेव्हा वाहिन्या कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होत्या आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून फोनवरून अतिरेक्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात त्याबद्दल वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावले. पुढे दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करायला केबल टीव्हीच्या नियमांतच बंदी आली. नियम योग्य आहे. पण मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, वेगळाच प्रकार दिसला. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगून टाकले. सकाळी बंदर जागेवर होते. त्या रात्री आघाडीवर कुणी गेलेलेच नव्हते. गाडी नव्हती, वाटही नव्हती, फक्त पडद्यावर स्फोट होते. लिस्बनची वर्तमानपत्रे १९६१ साली जे करत होती त्याला निदान सालाझारच्या सेन्सॉरचा आणि बांबोळीच्या तुटलेल्या संपर्काचा आडोसा होता.

याच काळात जे खरोखर गेले त्यांना ते महागात पडले. रॉयटर्सचा छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक इथे अफगाण विशेष दलाबरोबर असताना मारला गेला. ‘संडे टाइम्स’च्याच मेरी कोल्विनचा एक डोळा २००१ मध्ये श्रीलंकेत गेला होता, २२ फेब्रुवारी २०१२ ला सीरियात होम्स शहरात ती तोफमाऱ्यात गेली. या दोघांची नावे निदान छापून आली. त्यांच्यासारख्यांना घेऊन जाणारे स्थानिक चालक, दुभाषे, ओळखी काढून देणारे लोक यांची नावे बातमीखाली सहसा येत नाहीत. आणि परदेशी वार्ताहर परत गेल्यावर ते त्याच गावात, त्याच बंदूकवाल्यांमध्ये राहतात. माझे दोन प्रश्न मी त्यांना लावून पाहतो तेव्हा उत्तर सोपे निघते: गाडी त्यांची स्वतःची होती, आणि बाहेर पडायची वाट त्यांना नव्हती.

पुढची पाने वाचताना लढायांचे नकाशे मागे राहिले तरी चालतील. पास कुणी दिला, तार कुठून केली, फिल्म कुणाच्या हाती पाठवली, कुटुंब तेव्हा कुठे होते, असले किरकोळ वाटणारे उल्लेख मात्र ओलांडून जाऊ नयेत. ज्यांच्या घरी कुणी सैन्यात आहे अशा वाचकांना हे सांगायची गरज नाही. ते बातमी तशीच वाचतात. बाकीच्यांनी मास्करेन्हसपासून सुरुवात करावी, मग गोडसे भटजींकडे यावे, आणि कारगिल सर्वांत शेवटी घ्यावे. ते आपल्याला माहीत आहे असे आपण धरून चालतो, म्हणून.